मासोळीवाल्या बक्षी मॅडम

बक्षी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून संस्थेच्या अध्यक्षांवर ओरडत होत्या. मी नोकरीवर रुजू व्हायला आलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात नेमणुकीचा कागद, आणि ज्यांच्या पाया पड म्हणून घरून बजावून पाठवलं होतं ते अध्यक्ष भाऊसाहेब कॉलेजमागच्या तळ्याच्या बांधावर उभे. त्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला आणि त्याची प्लास्टिकची पन्नी, आमच्याकडे सगळेच टाकतात तशी, चोळामोळा करून पाण्यात भिरकावली. पन्नी पाण्याला लागली न लागली तोच मॅडम पाणी कापत आल्या, ती उचलली आणि ओल्या हातानं भाऊसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र खिशात परत ठेवली.

"हे तळं आहे, भाऊसाहेब. पानठेल्याची नाली नाही. तुमच्या बैठकीत येऊन मी मासोळीचे खवले टाकते काय?"

भाऊसाहेब हसले. ते नेहमीच हसायचे. ज्याला पुढे कधीतरी बघून घ्यायचं असेल त्याच्याकडे पाहून जरा जास्तच. या गडबडीत माझं पाया पडायचं राहून गेलं, आणि त्याचं मला आजवर वाईट वाटलेलं नाही.

आमचं गाव आर्णीच्या रस्त्यावरचं, चहूकडे कापसाची पऱ्हाटी. कॉलेज भाऊसाहेबांचं, जिनिंग भाऊसाहेबांची, गावातलं सगळ्यात मोठं कृषी केंद्र भाऊसाहेबांचं. हवा तेवढी सरकारी होती. कॉलेजात किमान कौशल्य विभाग काढायला मंजुरी मिळाली तेव्हा त्यांनी दोन विषय घेतले. एक विजेची कामं, ती शिकवायला मी. दुसरा मत्स्यव्यवसाय. कापसाच्या मुलखात मासे कशाला, असं विचारायचं नसतं. मिळत होता, घेतला. तो शिकवायचाही आहे असं बहुधा कुणाच्या मनात आलंच नव्हतं. मॅडम येईपर्यंत सगळे मासे फळ्यावर होते. मास्तरनं खडूनं कटला मासा काढायचा, पोरांनी वहीत उतरवून घ्यायचा, झालं प्रात्यक्षिक. मॅडमनी आल्या आल्या फळा पुसला आणि पोरांच्या हातात टिकास दिली. मागच्या पडीक जागेत पावसाळ्यात डबकं साचायचं, तिथे पोरांबरोबर स्वतः माती उपसून त्यांनी तळं खोदलं. गावानं तोंडात बोटं घातली, कारण मॅडम बक्षींच्या घरातल्या होत्या.

यवतमाळचे हे बक्षी म्हणजे पिढ्यानपिढ्या कचेरीतली माणसं. वडील कलेक्टर कचेरीत, भाऊ वकील, चातुर्मासात घरात कांदासुद्धा येत नसे. त्या घरातली ही मुलगी किनाऱ्यावर जाऊन माशांचं शिक्षण घेऊन आली. सुटीत घरी गेली की आई तिला मागच्या दारानं घ्यायची आणि न्हाणीत बसवायची. आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवू द्यायची नाही. हे मॅडम स्वतःच सांगायच्या, आणि दर वेळी नव्यानं चिडायच्या. मासा त्यांनी जन्मात तोंडात घातला नाही. पोरं छेडायची, "मॅडम, एक बार खाऊन तं पाहा!"

"मले खायचे नाहीत बे. मले वाढवायचे आहेत. तुह्या मायनं तुले वाढवलं, थे काय खायले?"

घरची भाषा शुद्ध होती, पण पाण्यात उतरल्या की त्या वऱ्हाडीत यायच्या. राग वऱ्हाडीतच नीट करता येतो असं त्यांचं म्हणणं होतं. माझंही तेच मत आहे. साडीवर पुरुषी शर्ट, पदर कमरेला करकचून खोचलेला, पायांत काही नाही. तळ्यावर वही आणायला बंदी होती. "आधी वल्ले व्हा, मंग लिहा" हे रोज सकाळचं वाक्य. बांधावर कोणी कोरडा रेंगाळताना दिसला तर त्याला त्या पाण्यात ढकलायच्या, अगदी खरोखर ढकलायच्या. लोडशेडिंग झालं आणि तळ्यात हवा सोडणारी मोटर थांबली की माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या. "सर, तुमची वीज मेली. माह्ये मासे मरतीन, तुमी पोरायले दिवे शिकवत बसा." वीज मीच खिशात घालून ठेवली आहे असा एकंदर सूर. मी निमूट जनरेटर ओढायला जायचो.

पाठ्यपुस्तकावर तर त्यांचा दातच होता. ते किनाऱ्यावरच्या माणसांनी किनाऱ्यावरच्या पोरांसाठी लिहिलेलं. निम्मं पुस्तक समुद्रात. भरती-ओहोटी, कोळंबी, बोटीचं इंजिन. आमच्या पोरांतल्या एकानंही समुद्र पाहिला नव्हता. पैनगंगेला पूर आला की तोच त्यांचा समुद्र. मॅडमनी बादलीत मीठ कालवून सगळ्यांना एकेक घोट चाखवला आणि म्हणाल्या, "झाला समुद्र. चला तळ्यावर." पण एका वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बांधावर उभं राहून रेणुका नावाच्या पोरीला तोच प्रश्न विचारला, ओहोटी म्हणजे काय? रेणुका ओल्या कपड्यांत काकडत होती. ती म्हणाली, "सर, आमच्या इकडं पानी येतच नाही, तं जाईन कुठून?"

परीक्षकांना तो उद्धटपणा वाटला. ते शून्य देतो म्हणाले. मॅडम म्हणाल्या, ही पोरगी तळ्यात उतरते, तिला तळ्याचं विचारा. परीक्षक म्हणाले, पुस्तकात आहे. "तुमचं पुस्तक कधी पान्यात उतरलं काय?" असं म्हणून मॅडमनी त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि सरळ तळ्यात टाकलं. खर्ऱ्याची पन्नी न चालणाऱ्या तळ्यात! नंतर त्यांनीच ते काढलं, प्रयोगशाळेत इस्त्री फिरवून वाळवलं आणि "परीक्षक महोदयांस सादर" म्हणून हातात दिलं. रेणुकाला मार्क मिळाले.

हे सगळं मी हसत सांगतो आहे. यापुढचं हसत सांगता येत नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. मोठमोठ्या शहरांतली माणसं कॅमेरे घेऊन यायची, वावरात उभी राहून पऱ्हाटीचं बोंड हातात घेऊन फोटो काढायची आणि जेवायला यवतमाळच्या हॉटेलात परत. अळी औषधाला भीत नव्हती, म्हणून औषध वाढत होतं. एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. कशात काय मिसळायचं ते कृषी केंद्राच्या काउंटरवरचा कालचा पोरगा सांगायचा, आणि लोक मान डोलावून घेऊन जायचे. मला तेव्हाही राग यायचा, पण कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मॅडमना एका सकाळी कळलं.

जुलैचा महिना. त्या वर्षी पहिल्यांदाच मॅडमनी माशांच्या पैदाशीचं सगळं काम पोरांच्या हाती सोपवलं होतं. नर-मादी निवडायचे, मादीनं अंडी घालावीत म्हणून त्यांना सुई द्यायची, हाप्यात सोडायचे. हापा म्हणजे तळ्यातच बांबूंना बांधलेला मच्छरदाणीसारखा कापडी झोळ. त्यात अंडी पडतात आणि अंड्यांतून जिरे निघतात. नुकत्या जन्मलेल्या पिलांना या धंद्यात जिरेच म्हणतात, दिसतातच तसे. मॅडम हात मागे बांधून बांधावर उभ्या होत्या. हात आपोआप पुढे येऊ नयेत म्हणून एका हातानं दुसरा धरून ठेवला होता. जिरे निघाले तेव्हा त्यांनी आख्ख्या कॉलेजला साखर वाटली. शिपायाला, प्राचार्यांना, मला दोनदा.

दुसऱ्या सकाळी हाप्यातले जिरे टाकीत घ्यायची पाळी दिलीप राठोडची होती. दिलीप जवळच्या तांड्यावरचा, सगळ्यात हुशार हाताचा पोरगा. त्यानं कोपरापर्यंत हात हाप्यात घातले आणि ओंजळीनं पाणी हलवलं. थोड्या वेळानं जिरे गरगर फिरायला लागले. मग एकेक करून पांढरे पडत तळाशी बसले. सगळेच.

"सकाळपासून काय केलं बे?" मॅडमचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"काही नाही मॅडम. वावरात गेलतो. बाले फवाऱ्याचं औषध कालवून देल्लं आन आलो."

"कशानं कालवलं?"

दिलीपला प्रश्नच समजला नाही. जेवतोस कशानं, असं विचारल्यावर माणूस जसा पाहील तसा तो पाहत राहिला. "हातानं. साबनानं धुतले नं पन, मॅडम. दोन डाव धुतले."

आता याच्या कानाखाली बसते असं मला वाटलं. मॅडमनी त्याचा हात धरला, नाकाशी नेला आणि वास घेतला. मग त्या बांधावर मटकन खाली बसल्या. त्यांना बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या माशांसाठी रडताहेत असं पोरांना वाटलं. मी जवळ होतो, मला ऐकू आलं. त्या म्हणत होत्या, "याच हातानं हा भाकर खाते."

त्या दिवसापासून त्या प्रत्येक पोराच्या हाताचा वास घेऊ लागल्या. सकाळी तळ्यावर रांग लागायची, देवळात तीर्थ घ्यायला लागते तशी, आणि मॅडम एकेक तळवा नाकाशी धरायच्या. ज्याच्या हाताला वास आला तो बाहेर. फवारणीच्या दिवसांत निम्मा वर्ग बाहेर बसायला लागला. पोरांना पाण्यात ढकलणारी ही बाई आता त्यांना पाण्यातून हाकलत होती, आणि त्याचा राग तिला पोरांपेक्षा जास्त होता. हातमोजे मागायला त्या प्राचार्यांकडे गेल्या. मत्स्यव्यवसायाच्या साहित्यात हातमोजे बसत नाहीत, असं उत्तर आलं. तेव्हा त्यांनी नवीनच प्रात्यक्षिक काढलं. प्रत्येकानं बाभळीचं हातभर लांबीचं दांडकं तासून आणायचं, औषध त्यानंच कालवायचं, आणि ते घरी वापरात दिसलं तरच मार्क. मार्क द्यायला त्या स्वतः घरोघर हिंडायच्या. गावात हसू झालं. मासोळीवाली बाई आता दांडकी वाटून राह्यली म्हणे!

दिलीपच्या तांड्यावर मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दिलीपच्या याडीनं, म्हणजे आईनं, चहा ठेवला. त्याचे वडील लालसिंग पाठीवरचा पंप उतरवत होते. दांडकं दाराशी पडलं होतं, आणि त्याला कोंबडीचं पिलू दोरीनं बांधलेलं होतं.

"काहून जी, हे वापरत नाही?" मॅडमनी विचारलं.

"बाई, हातानं कसं बरोबर समजते," लालसिंग समजुतीनं म्हणाले. "गोळी राह्यली का इरघळली, थे बोटाले समजते. दांडक्याले काय समजते? आमचा बा बी हातानंच कालवे."

लालसिंगांचं चुकत नव्हतं, तेच वाईट होतं. हाताला खरंच सगळं समजतं, हेच तर मॅडम त्यांच्या पोराला तळ्यात शिकवत होत्या. त्या तशाच उठल्या. परतताना रस्ताभर मला शिव्या देत होत्या. माझा काय संबंध, असं मी विचारलं नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला पोरांनी पुन्हा पैदास केली. या वेळी जिरे जगले, वाढले, बोटाच्या पेराएवढे झाले. मॅडम दिवसातून कितीदा तरी टाकीशी जाऊन नुसत्या पाहायच्या. आणि पंधरा ऑगस्टला, झेंडावंदन झाल्यावर, भाऊसाहेबांचं भाषण संपतं न संपतं तोच त्या टेबल घेऊन मैदानात आल्या. टेबलाचं एक टोक मी धरलं होतं. वर पांढरी परात, परातीत पाणी, पाण्यात ती पिलं. सगळे पालक होते, गाव होतं.

"आज सकाळी कोन कोन फवारून आलं?" त्यांनी विचारलं. बरेच हात वर झाले. लालसिंग पहिल्याच रांगेत होते. मॅडमनी त्यांनाच बोलावलं. "हात धुतले जी?"

"धुतले नं बाई. झेंड्याले तसाच येईन काय?"

"मंग घाला परातीत."

लालसिंगांनी हसत हात घातला. पिलं आधी हाताभोवती आली, माणसाच्या हातातून खाणं मिळायची सवय होती त्यांना. मग ती वेडीवाकडी पळायला लागली, उलटी झाली, आणि परातीच्या कडेला पांढरी पोटं वर करून थांबली. दिलीप आणि त्याच्या वर्गातली पोरं हमसून रडायला लागली, कारण ती पिलं त्यांची होती. मॅडम रडत नव्हत्या. ज्या बाईनं एकेका जिऱ्यासाठी आमच्या सगळ्यांचा जीव खाल्ला होता, तिनं ती परात आपल्या हातानं भरून आणली होती.

लालसिंग हाताकडे पाहत राहिले. "म्या तं धुतले होते," एवढंच म्हणाले.

"अथी मासोळी मेली," मॅडम ओरडल्या, "म्हून दिसलं. तुमच्या पोटात काय होऊन राह्यलं थे दिसत नाही. आन इकनारा सांगत नाही!"

विकणारे मंचावर खुर्चीत बसले होते. भाऊसाहेब हसले. "मॅडम, हा झेंड्याचा कार्यक्रम आहे," असं म्हणून त्यांनी लाडू वाटायला सांगितलं. लोकांनी लाडू घेतले. लालसिंगांनी घेतला नाही. त्यांच्या घरी दांडकं वापरात आलं, तांड्यावर आणखीही काही घरी आलं, एवढं मी पक्कं सांगू शकतो.

सूड भाऊसाहेबांनी लगेच घेतला नाही. ती त्यांची पद्धतच नव्हती. हिवाळ्यात गावात ताप पसरला आणि ग्रामपंचायतीत बोलणं निघालं की कॉलेजच्या तळ्यात डास होतात. तळ्यात! जिथे मासे डासांच्या अळ्या खाऊन खाऊन पोसत होते! गावभर नाल्या तुंबलेल्या होत्या, त्या कुणाला दिसल्या नाहीत. मॅडम यवतमाळला जाऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरल्या. बक्षींच्या मुलीला सगळ्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि मासे नि आपल्या जिल्ह्यात, असं म्हणून हसून दाखवलं. प्राचार्यांशी मीही भांडून पाहिलं. सगळ्यांच्या आरोग्याचा प्रश्न आहे, असं ते म्हणाले, आणि म्हणताना टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले. पुढच्या जूनपासून मत्स्यव्यवसायाला प्रवेश बंद झाला. तळं बुजवून तिथे मंगल कार्यालय होणार, हे आम्हाला भूमिपूजनाच्या पत्रिका छापणाऱ्याकडून कळलं.

उन्हाळ्यात पाणी गुडघ्याखाली आलं. मॅडम आणि वर्गातली उरलेली पोरं जाळं ओढून मोठे मासे काढत होती, ड्रमात घालून तांड्याजवळच्या पाझर तलावात नेऊन सोडत होती. त्यातच एका दुपारी मुरमाच्या ट्रॉल्या यायला लागल्या. एका कडेनं मुरूम पडत होता आणि दुसऱ्या कडेला मॅडम चिखलात होत्या. सगळे मासे निघाले, पण एक मृगळ मादी निघेना. ही जात तळाशी राहणारी, चिखलात दबा धरून बसली होती. भाऊसाहेबांचा मुकादम बांधावरून हाका मारत होता, बाई, बाहेर या, माल ओतायचा आहे. मॅडम वाकून दोन्ही हातांनी चिखल चाचपत होत्या.

पुढची ट्रॉली आली. ट्रॅक्टरवर दिलीप होता. नुकताच तो बारावी पास झाला होता, मॅडमच्या विषयात पहिला. त्या विषयाची नोकरी या जिल्ह्यात कुठेच नव्हती, आणि भाऊसाहेबांकडे ट्रॅक्टर होता. त्यानं मॅडमना पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मुकादम ओरडला. दिलीप खाली उतरला, पॅन्ट गुडघ्यावर गुंडाळली आणि चिखलात शिरला. दोघं चिखल चाचपत होते, एक या टोकाकडून, एक त्या टोकाकडून. मादी दिलीपच्याच हाताला लागली. त्यानं ती पोटाशी धरून ड्रमात घातली आणि मान खाली घालून मॅडमसमोर उभा राहिला.

"जा," मॅडम म्हणाल्या. "तुही नोकरी हाय."

"मॅडम, मी मुरूम नाही वतत."

"तू नाही तं दुसरा वतन. जा म्हनलं नं!"

तो ट्रॅक्टरवर चढला. डोळे पुसत होता, त्यामुळे मागचं त्याला धड दिसत नसावं. ट्रॉली मागे घेताना चाक बांधाच्या कडेवर आलं. तिथली माती आतून ओलीच होती, ती खचायला लागली. मॅडम चिखलातून धावल्या. "अबे, थांब! कड वल्ली हाय, उलटशीन! उजवीकडं घे. मांगं पाह्य, मले नको पाहू, चाकाकडं पाह्य! असं. अजून. हां, आता उचल."

दिलीपनं ट्रॉली उचलली. मॅडम हातानं इशारा करत उभ्या होत्या, जरा डावीकडे, आणखी थोडं, आणि मुरूम सरसरत त्यांच्या तळ्यात गेला.